खंडेनवमीचा शुक्रवार आणि मंगळवारची हजेरी

९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. त्याच दुपारी माझ्या भाच्याचा फोन आला. ऐरोलीच्या एका कंपनीत तो नुकताच टीम लीड झालाय. हाताखालची निम्मी मुलं कल्याण-डोंबिवलीची, म्हणजे त्याच वेळेला त्याच मार्गावर लटकणारी.

"मावशी, उद्या सकाळी टीमला काय बोलू? एचआरने पाच पॉइंट पाठवलेत. वाचताना मलाच कसंतरी होतंय."

मी म्हटलं, बोलायचं नंतर बघ. आधी उद्या कोण कुठल्या गाडीने येणार आहे ते विचार.

त्याला मीटिंगला जायचं होतं, फोन तिथेच संपला. उरलेलं इथे लिहिते, कारण हे सगळं मी २०१७ साली परळला केलंय आणि तेव्हा मला विचारायला मावशी नव्हती.

मी निवृत्त होईपर्यंत अकाउंट्समध्ये होते. ऑफिस एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गाच्या बाजूला. माझ्या टीममध्ये एकोणीस माणसं, त्यांतली बारा मध्य रेल्वेची. मी स्वतः मुलुंडची. परळला उतरायचं, पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं आणि एल्फिन्स्टनच्या जिन्याने खाली. ज्यांनी तो पूल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, त्या टॉवरांत हजारो माणसं कामाला आली, पण त्यांना स्टेशनाबाहेर काढणारा पूल होता तेवढाच राहिला. सकाळी साडेनऊ ते अकरा तिथे आपण चालत नसू, गर्दी चालायची आणि आपण तिच्यात असू. नवा, रुंद पूल कागदावर मंजूर झालेला होता. आमच्यातले दोघे रेल्वेला ट्विट करून थकले होते. रोज जिना उतरताना कोणीतरी म्हणायचंच, "एक दिवस इथे काहीतरी होणार." आपण असं म्हणतो ते खरं होऊ नये म्हणूनच, नाही का.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. नवरात्राची नवमी, खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार, मग सोमवारी गांधी जयंती. तीन दिवस सुट्टी जोडून आलेली, त्यामुळे सकाळपासून सगळे खुशीत. नवव्या दिवसाचा रंग जांभळा. आमच्या बायकांचा ग्रुप फोटो अकरा वाजता लिफ्टजवळ काढायचा ठरलेला. आमचे शिपाई शिंदेकाका पहाटेच दादरच्या फुलबाजारातून झेंडू घेऊन आले होते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते तशी आमच्याकडे सर्व्हर, प्रिंटर आणि चेक छापायच्या मशीनची व्हायची. मी नऊला पोचले तेव्हा काका खाली बसून तोरणं ओवत होते. कपाटांना हळदकुंकू लागलेलं.

साडेदहाच्या सुमारास पाऊस आला, अचानक आणि जोरात. परतीचा पाऊस असतो तसा. निम्म्या लोकांनी छत्र्या घरी ठेवून दिलेल्या. पुलावर आणि जिन्याच्या तोंडाशी माणसं आडोशाला थांबली आणि मागून गाड्या येतच राहिल्या, दोन्ही रेल्वेच्या. काहीतरी पडलं, शॉर्टसर्किट झालं, पूल कोसळतोय, अशा आरोळ्या उठल्या म्हणतात. त्या जिन्यावर तेवीस माणसं गेली. तीसहून जास्त जखमी झाली.

आम्हाला हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी कळलं ते एवढंच की पावणेअकरा झाले तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि फोन लागत नाहीत.

मी काय केलं ते सांगते, कारण भाच्याला हेच हवं होतं. मीटिंग रूममधल्या पांढऱ्या बोर्डावर क्लोजिंगचं वेळापत्रक लिहिलेलं होतं, ते पुसलं. एकोणीस नावं लिहिली. त्यांखाली आमच्याकडे कंत्राटावर असलेल्या चौघांची, हाउसकीपिंगची दोन मुलं आणि पँट्रीचे दोघे. जो बोलला त्याच्यापुढे बरोबरची खूण. कोणी फोन करायचा तेही वाटून दिलं, नाहीतर एकाच माणसाला दहा जण फोन लावतात आणि दुसऱ्याला कोणीच नाही. फोनवर फक्त दोन प्रश्न: कुठे आहेस, बरोबर कोण आहे. घरच्यांना मात्र आपणहून फोन करायचा नाही, माणूस सापडल्याशिवाय नाही. "तुमचा मुलगा घरून निघालाय का?" हा प्रश्न टीव्ही लावून बसलेल्या आईला विचारून काय होतं, हे ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या संध्याकाळी मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं.

साडेअकरापर्यंत दोन नावं सोडून सगळ्यांपुढे खुणा झाल्या. राहिले वैशाली आणि समीर. (दोन्ही नावं बदललेली आहेत. शिंदेकाकांचं आणि पुढे येणाऱ्या कदमांचंही.)

वैशाली स्वतःच चालत आली. केस ओले, एका पायात चप्पल, खांद्यावर पर्सचा नुसता पट्टा. जांभळी साडी गुडघ्यापासून खाली फाटलेली. ती जिन्याच्या वरच्या टोकाला होती आणि कठड्याला लागून राहिली म्हणून वाचली. तिच्या खालच्या पायरीवर एक बाई होती, तिने वैशालीचं मनगट धरलेलं. वैशालीनेही तिचं धरलेलं. किती वेळ ते तिला सांगता येत नव्हतं. मग मागून लोंढा आला आणि हात सुटला. वैशालीच्या तळहाताला बांगडीची काच लागली होती, बारीक बारीक चिरा. शिंदेकाकांनी तिथे हळद लावली. ती एकच गोष्ट परत परत सांगत होती, "मॅडम, मी त्यांना नाव नाही विचारलं."

ती बाई कशी होती, असं आमच्यातल्या कोणीतरी विचारलं. मदत म्हणूनच विचारलं असणार. वैशालीने तोंड उघडलं, आमच्याकडे एक नजर टाकली आणि गप्प झाली. जांभळी साडी, हेच ती सांगणार होती. आणि खोलीतल्या आम्ही सगळ्याच जांभळ्या साड्यांत.

समीर बाराच्या पुढे सापडला, केईएममध्ये. हाउसकीपिंगचा मुलगा, बाविशीचा, दिव्याहून यायचा. गळपट्टीचं हाड मोडलेलं. माझ्या टीममधले दोघे तिकडे गेले. केईएम परळलाच, जवळच. पण त्या दिवशी जवळचं काहीच नव्हतं.

तोवर व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले होते. जिन्यावरचे व्हिडिओ, आणि संध्याकाळपर्यंत शवागारातलेही. ओळख पटवण्यासाठी मृतांच्या कपाळावर आकडे लिहिलेले होते, त्यावरून पुढे बराच गदारोळ झाला. मी त्या दिवशी एकच कडक गोष्ट केली. ऑफिसच्या ग्रुपवर एकही फोटो, एकही व्हिडिओ नाही. एकाने टाकला, त्याला काढायला लावला. त्याचं म्हणणं, लोकांना कळायला नको का? मी म्हटलं, वैशाली याच ग्रुपमध्ये आहे. ती कुठल्याही फोटोत जांभळा रंग शोधत बसेल.

पूजेचं काय करायचं यावर मात्र एकमत झालं नाही आणि मी ते होऊही दिलं नाही. काहींच्या मते तोरणं काढून टाकावीत. काहींच्या मते पूजा अर्धवट सोडू नये, अपशकुन. शेवटी काकांनी कोणाला न विचारता सर्व्हरपुढे निरांजन लावलं, एक फूल वाहिलं आणि पेढ्यांचा बॉक्स कपाटात बंद करून ठेवला. ज्यांना हात जोडायचे होते त्यांनी जोडले. मी जोडले नाहीत. माझी श्रद्धा नव्हती असं नाही, पण त्या क्षणी कुठल्याच यंत्रापुढे हात जोडावेसे वाटेनात.

चार वाजता सगळ्यांना घरी सोडलं, एकट्याला कोणालाच नाही. मार्गांप्रमाणे गट केले: डोंबिवली-कल्याण एक, मुलुंड-ठाणे एक, बोरिवली-विरार एक. पूल नको असं ज्यांना वाटलं ते काकांबरोबर रस्त्याने दादरपर्यंत चालत गेले. घरी पोचल्यावर ग्रुपवर एक शब्द टाकायचा: पोचलो.

आता ती तीन दिवसांची सुट्टी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बरंच झालं, विश्रांती मिळाली. मला त्या सुट्टीचीच भीती वाटत होती. ऑफिसात एकमेकांना बघून माणूस निदान सावरतो. घरी दसरा, सोनं वाटायला पाहुणे, श्रीखंड, आणि प्रत्येक जण विचारणार, तू त्या पुलावरूनच जातोस ना? आणि मग मंगळवार समोर. मी ठरवलं, प्रत्येकाने दोघांना फोन करायचा, रोज नाही, सुट्टीत एकदा. विषय एकच: मंगळवारी कसा येणार? "बरा आहेस का?" याचं उत्तर आपल्याकडे "हो" हेच असतं. कसा येणार, याचं उत्तर द्यायला मात्र माणसाला खरं बोलावं लागतं. एकाने सांगितलं, येईन पण दादरला उतरून. दुसऱ्याने सांगितलं, बायको सोडत नाहीये. तिसऱ्याने फोनवर बराच वेळ काहीच सांगितलं नाही, आणि मग, "मॅडम, परळ आलं की मी उतरेनच असं नाही."

त्याच सुट्टीत हेड ऑफिसशी माझी बाचाबाची झाली. हेड ऑफिस दुसऱ्या शहरात. ३० सप्टेंबर म्हणजे सहामाही क्लोजिंग, आणि जुलैत जीएसटी आलेला, त्यामुळे त्या वर्षी आधीच सगळ्यांच्या नाकीनऊ. वरून निरोप आला, दुःख आहे पण तारखा बदलणार नाहीत, एक-दोन माणसं रविवारी बोलावून घ्या. मी भांडताना भावनेचं एक अक्षर काढलं नाही. अकाउंट्सच्या माणसाशी अकाउंट्समध्येच बोलावं. म्हटलं, सप्टेंबरची बिलं अंदाजाने प्रोव्हिजन टाकून बंद करते, फरक पुढच्या महिन्यात निघेल. टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायची सात तारीख सरकार पुढे ढकलणार नाही, तेवढी मी स्वतः बघते. पण आठवडाभर या टीमकडून पेमेंट रन करून घेणार नाही, कारण झोप न झालेल्या माणसाने शून्य जास्त टाकलं तर पैसे जातील ते कंपनीचे. हे शेवटचं वाक्य लागू पडलं.

आणि ते खरंही होतं. दुःख आमच्याकडे रडण्यातून फार कमी दिसलं, एंट्र्यांतून दिसलं. त्या ऑक्टोबरात एकाच व्हेंडरचं बिल दोनदा चढलं, एकाने सेल्स टॅक्सच्या जुन्या कोडला जीएसटी टाकला, आणि आमच्याकडचा सगळ्यात काटेकोर माणूस, कदम, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आमच्या नोंदींचा ताळा, उलट्या चिन्हाने करून बसला. त्याला ते कळलंही नाही. एरवी एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने तपासायची अशी पद्धत होती. त्या महिन्यात तिसऱ्याची नजर वाढवली, आणि हे कोणाच्या चुकीमुळे नाही, सगळ्यांसाठीच आहे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. चुकीची नोंद कोणाच्याही नावावर ठेवली नाही.

मंगळवारी सकाळी हेड ऑफिसकडून सगळ्यांना पुढे पाठवण्यासाठी एक मेल आलं. इंग्रजी, गुळगुळीत, मुंबईच्या स्पिरिटला सलाम वगैरे. मुंबई कधी थांबत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थांबायला पैसे लागतात हो. थांबलं तर पगार कापला जातो, म्हणून मुंबई थांबत नाही. ते मेल मी पुढे पाठवलं नाही. मी सोमवारी रात्रीच ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या, त्या अजून माझ्याकडे आहेत:

"उद्या साडेअकरापर्यंत कधीही या. पूल नको असेल तर दादर किंवा करी रोडला उतरा, टॅक्सीचे पैसे पेटी कॅशमधून मिळतील, पावती नसली तरी चालेल. यायचंच नसेल तर मला फक्त 'नाही' एवढं कळवा, कारण लिहू नका. पुलावरून येणार असाल तर एकटे येऊ नका."

(मार्चमध्ये अंतर्गत ऑडिटरने शंका काढली: ऑक्टोबरात स्थानिक प्रवासखर्च इतका कसा वाढला, व्हाउचरला पावत्या का नाहीत? मी शेरा लिहिला, "पूल." त्याने खुलासा मागितला. मी तारीख लिहिली. परत काही विचारलं नाही.)

मंगळवारी माझ्यासह चार-पाच जण पुलावरून आलो. मुद्दाम. जिन्याशी हार ठेवलेले होते, पोलीस उभे होते, आणि लोक इतक्या शिस्तीत उतरत होते की त्याचाच राग यावा. ऑफिसात पोचल्यावर मी भाषण केलं नाही. कम्युनिकेशनवाल्यांचा फोन आला, दोन मिनिटं मौन पाळा आणि फोटो पाठवा, न्यूजलेटरला हवाय. मी म्हटलं, मौन पाळू, फोटो मिळणार नाही. मग मौनाचा आग्रहही राहिला नाही.

आठवड्याभराने कंपनीने एक समुपदेशक बाई पाठवल्या. मला धास्ती होती की सगळ्यांना गोलात बसवून "मन मोकळं करा" म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ची एक पुस्तिका आहे, तिचं सूत्र त्यांनी मला सांगितलं: बघा, ऐका, जोडून द्या. अनुभव उकरून काढायचा नाही, माणूस बोलला तर ऐकायचं, आणि त्याला जे प्रत्यक्ष हवंय, रजा, डॉक्टर, घरचा माणूस, तिथपर्यंत त्याला पोचवायचं. त्या पँट्रीच्या शेजारच्या छोट्या खोलीत दोन दिवस बसल्या, दार उघडं ठेवून. पहिल्या दिवशी कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी गेले ते शिंदेकाका. त्यांच्या मागोमाग बाकीचे. काका आत काय बोलले ते मला माहीत नाही, पण त्यांनी ज्या बाजारातून फुलं आणली तिथूनच फुलं घेऊन त्या दिवशी कितीतरी बायका त्या पुलावर आल्या होत्या, हे त्यांच्या डोक्यात असणार.

वैशालीच्या रजेचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. बरगडीला मार होता, त्याची वैद्यकीय रजा आठवड्याभरात संपली. पुढे काय? दुःखाची रजा म्हणून आमच्याकडे फॉर्म होता, त्यात एक रकाना: मृत व्यक्तीशी नातं. आई, वडील, पती, अपत्य, भावंड. वैशालीचं नातं काय लिहायचं? जिन्यावर हात धरलेली बाई. ती गेली की वाचली हेही माहीत नाही. वैशालीने सगळ्या वर्तमानपत्रांतल्या याद्या आणि छोटे छोटे फोटो कापून ठेवले होते, दोन-तीन चेहऱ्यांवर तिचं बोट थांबायचं. एकदा मला म्हणाली, "जिवंत असतील तर त्या पण मला शोधत असतील का?" एचआरच्या मुलीशी बोलले. ती बिचारी चांगली होती, पण सिस्टीम रकाना भरल्याशिवाय पुढे जाईना. शेवटी मी वैशालीला महिनाभर आमच्या ठाण्याच्या गोडाउनवर स्टॉक तपासणीच्या कामावर दाखवलं. डोंबिवलीहून ठाणे, पूल नाही, परळ नाही. तिथे जाऊन ती बॉक्स मोजायची. मोजल्याने बरं वाटतं म्हणाली. नियमात बसवायचं तर अकाउंट्सवाल्यांना कोण शिकवणार.

समीरचं प्रकरण निराळं होतं, आणि तिथे मात्र नियम आमच्या बाजूने होता. त्याचा कंत्राटदार म्हणाला, हा ड्युटीवर नव्हता, रस्त्यात होता, आमचा संबंध नाही. समीरचा पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणजे तो ईएसआयमध्ये, कामगारांच्या सरकारी विमा योजनेत. त्या कायद्यात तेव्हा, २०१०पासून, कलम ५१ई होतं: घरून कामावर येता-जाता अपघात झाला आणि वेळ, जागा यांचा कामाशी संबंध दिसला तर तो कामावरचाच अपघात धरायचे. मी कलमाची प्रिंट काढून कंत्राटदारासमोर ठेवली आणि अपघाताचा अहवाल त्याच्याच माणसाकडून भरून घेतला. हाड जुळेपर्यंत समीरला पगाराच्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने पैसे मिळाले. हे मी इतकं सविस्तर लिहितेय ते यासाठी की टीम सांभाळणाऱ्या कितीतरी लोकांना हे कलम माहीत नसतं. भाच्यालाही नव्हतं. सांत्वन तर कोणीही करेल.

आणि राग. याबद्दल एचआरच्या पाच पॉइंटांत काही नसतं. ५ ऑक्टोबरला राज ठाकऱ्यांचा मेट्रो सिनेमापासून चर्चगेटपर्यंत मोर्चा निघाला, रेल्वेविरुद्ध. आमच्यातल्या दोघांनी अर्धा दिवस मागितला, मी दिला. पुढे विषय फेरीवाल्यांवर गेला, स्टेशनाबाहेर मारहाण सुरू झाली, आणि जेवणाच्या टेबलावर एक जण म्हणाला, यांना हाकललंच पाहिजे. समोर बसलेल्या मुलाचे वडील करी रोडला भाजी विकायचे. तो डबा बंद करून उठला. मी त्या टेबलावर काही बोलले नाही, दोघांना वेगवेगळं भेटले. पहिल्याला एवढंच सांगितलं की समोर कोण बसलंय ते बघून बोल. रागावू नका असं मी कोणालाच सांगितलं नाही. राग रास्त होता. रेल्वेच्या चौकशीत मुख्य ठपका पावसावर आला, तेव्हा कदम म्हणाला, "म्हणजे आता पावसाला मेमो देतील." सगळे हसले. त्या शुक्रवारनंतर टीम पहिल्यांदा हसली ती अशी.

कदमाबद्दल सांगायचं राहिलं. त्या सगळ्यात तो एकटा धडधाकट वाटत होता. विनोद करायचा, इतरांची कामं ओढून घ्यायचा, रात्री दहापर्यंत बसायचा. वरून त्याचं कौतुक आलं. मला मात्र त्याचं ते उलट्या चिन्हाचं रिकन्सिलिएशन खटकत होतं. एकदा मी मुद्दाम थांबले आणि त्याच्याबरोबर निघाले. साडेदहाला पूल मोकळा होता, तरी तो जिन्यावर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. तो काम म्हणून थांबत नव्हता, गर्दी ओसरायची वाट बघत होता. दुसऱ्या दिवशीपासून त्याची वेळ सकाळी साडेसात ते साडेतीन केली. त्याने कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साडेसातला स्टेशनवर माणूस सरळ चालू शकतो.

दिवाळी एकोणीस तारखेला होती. बोनस वेळेवर गेला. नवा पूल लष्कराने बांधला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी, आणि २७ फेब्रुवारी २०१८ला तो उघडलादेखील. जे इतकी वर्षं जमत नव्हतं ते काही महिन्यांत झालं, तेवीस माणसं गेल्यावर. जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. टीममधले काही जण नव्या पुलाने यायला लागले. वैशाली परत आली, पण दादरलाच उतरायची, अजूनही तसंच करते असं ऐकते. समीरने ते काम सोडलं.

बोर्डावरच्या यादीची मी एक्सेल शीट केली होती: कोण कुठून येतो, कुठल्या गाडीने, बरोबर कोण असतं, घरचा कुठला नंबर लावायचा आणि कुठला लावायचा नाही. दर तीन महिन्यांनी ती अद्ययावत व्हायची. सुरुवातीला मुलं कंटाळायची.

१४ मार्च २०१९ला संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. रात्रपाळीला निघालेल्या जीटी हॉस्पिटलच्या नर्सही त्यात गेल्या. मी तेव्हा गाडीत, बसायला जागा मिळालेली, कुर्ल्याच्या पुढे नेटवर्क नाही. मुलुंडला उतरून फोन बघितला तर ग्रुपवर कदमाने शीटमधली सगळी नावं टाकून खुणा पूर्ण केल्या होत्या, फोन कोणी कोणाला करायचा तेही वाटून दिलं होतं. राहिलेलं एकच नाव माझं. त्याखाली त्याचाच मेसेज: "उद्या सीएसएमटीकडून दोघं येतात. त्यांना अकराची वेळ दिलीय, टॅक्सी पेटी कॅशमधून. मॅडम, व्हाउचरवर नंतर सही करा."

त्याच्याखाली वैशालीचा: "आणि पोचलात का ते आधी सांगा."